फटफटीचे गाव कोणते?

गेल्या गणपतीत माझा पुतण्या सांगलीहून चेन्नईला आला होता. पोरगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळची आरती झाल्यावर मांडवाबाहेर लावलेल्या गाड्यांत त्याला आमच्या एका सहकाऱ्याची जुनी बुलेट दिसली. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून झाल्या, टाकीवरून हात फिरवून झाला, आणि मग तो म्हणाला, "काका, ब्रिटिश काम ते ब्रिटिश कामच. आपल्याला जमलंच नसतं हे!"

मी विचारले, "ही गाडी कुठे झाली असेल, असं वाटतं तुला?"

"इंग्लंडला. नाहीतर सुटे भाग तिकडून आणून इथे जोडली असेल."

ती गाडी १९८० च्या दशकातली. आपल्या मांडवापासून दहाएक किलोमीटरवर असलेल्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून ती बाहेर पडली होती. ज्या इंग्लंडहून ती आली असे त्याला वाटत होते, तिथला मूळ कारखाना ती बनण्याच्या बऱ्याच आधी बंद पडला होता. हे सांगितले तरी पोराला पटेना. "पण नाव तर इंग्रजी आहे ना?" हा त्याचा शेवटचा मुद्दा.

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. पण यंत्र कुठे बनते, कोणाच्या हातून बनते, हा आमच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. त्यामुळे पुतण्याचे बोलणे मनात राहिले. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा म्हटले, याच प्रश्नाचे उत्तर नीट लिहून काढावे. तेव्हा हा लेखप्रपंच.

सुया करणाऱ्यांचे गाव

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते. शिवणाच्या सुया, मासे धरण्याचे गळ, असली बारीक पोलादी कामे तिथे घरोघर चालत. त्याच परिसरात जॉर्ज टाउनसेंड यांनी १८५१ साली सुयांचा कारखाना काढला. पुढे सायकलींचे युग आले तशी ही मंडळी सायकली आणि सायकलींचे भाग बनवू लागली. सुई बनवणाऱ्या हाताला पोलाद ओढणे, पाणी देणे, घासून अचूक मापावर आणणे ठाऊक असते. त्यामुळे सुईवरून सायकलीवर जाणे वाटते तितके विचित्र नव्हते.

१८९० च्या दशकात हा व्यवसाय अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांच्या हाती आला. लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड येथे सरकारी बंदुकांचा कारखाना होता. त्या कारखान्याला रायफलींचे अचूक भाग पुरवण्याचे काम या मंडळींना मिळाले, आणि त्या मानाखातर त्यांनी आपल्या सायकलींना 'रॉयल एनफिल्ड' हे नाव दिले. बोधचिन्हावर तोफ आली आणि खाली 'बंदुकीसारखी घडवलेली' अशा अर्थाचे ब्रीदवाक्य आले. आपल्या वाचकांना एनफिल्ड हे नाव शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी ज्या काडतुसांवरून शिपाई भडकले, ती काडतुसे याच एनफिल्डच्या रायफलीची होती.

म्हणजे गंमत पाहा. ज्या गाडीला आपण एनफिल्ड म्हणतो ती एनफिल्ड गावात कधीच बनली नाही. नाव एका गावाचे, कारखाना दुसऱ्या गावात, ही या गाडीची सुरुवातीपासूनची रीत आहे.

१९०१ साली कंपनीची पहिली मोटारसायकल आली. 'बुलेट' हे नाव १९३२ साली प्रथम वापरले गेले. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सैन्यासाठी गाड्या केल्या. त्यात विमानातून हवाई छत्रीने उतरवता येणारी १२५ सीसीची एक हलकी गाडीही होती. तिला लोक 'फ्लाइंग फ्ली' म्हणत. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने विल्टशायर परगण्यात दगडाच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, कंपनीचा एक कारखाना चालवला जात होता. युद्धानंतर, १९४९ साली, मागच्या चाकालाही स्प्रिंगचे सस्पेन्शन असलेली नवी ३५० सीसी बुलेट विक्रीस आली. आपल्याकडे आली ती ही बुलेट.

मद्रासला पेट्या आल्या

मद्रासमध्ये के. आर. सुंदरम अय्यर यांची मद्रास मोटर्स ही कंपनी ब्रिटिश मोटारसायकली आयात करून विकत असे. १९५२ साली भारतीय सैन्याने तिच्याकडे ३५० सीसी बुलेटची मागणी नोंदवली. गाड्या १९५३ च्या सुरुवातीला आल्या आणि सैन्याला पसंत पडल्या. दणकट, दुरुस्तीला सोप्या, खराब रस्त्याला न घाबरणाऱ्या. सैन्याला सतत गाड्या लागणार, सुटे भाग लागणार, हे उघड होते.

इथे त्या काळची देशाची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन तुटपुंजे होते. बाहेरून तयार माल आणून विकणे किंवा नुसते सुटे भाग आणून जोडणे सरकारला नको होते. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने मोटार कंपन्यांना साधारण असे बजावले की, इथे टप्प्याटप्प्याने भाग बनवायची योजना असेल तरच धंदा करा. मुंबईला शिवडी येथे जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. पण जोडणी म्हणजे उत्पादन नव्हे. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी त्या सुमारास आपला इथला गाशा गुंडाळला.

रेडिचच्या कंपनीने दुसरा रस्ता धरला. १९५५ साली तिने मद्रास मोटर्सबरोबर भागीदारीत 'एनफिल्ड इंडिया' ही कंपनी स्थापन केली आणि तिरुवोट्टियूर येथे कारखान्याचे बांधकाम सुरू झाले. १९५६ मध्ये कारखाना चालू झाला. सुरुवातीला इंग्लंडहून पेट्यांतून सुटे भाग येत आणि इथे ते जोडले जात. त्या वर्षअखेर १६३ बुलेट तयार झाल्या. आज एखाद्या कारखान्यात एवढ्या गाड्या चहाच्या सुट्टीपर्यंत निघत असतील. पण सुरुवात तिथे झाली.

ज्यांनी तिरुवोट्टियूर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेन्नईच्या उत्तरेला, समुद्राला लागून गेलेल्या हमरस्त्यावरचे हे गाव. त्यागराज स्वामींचे प्राचीन शिवमंदिर इथे आहे. गुम्मिडीपुंडीकडे जाणाऱ्या लोकलवर तिरुवोट्टियूर स्टेशन, त्याच्या पुढचे विमको नगर. विमको म्हणजे काड्यापेटीवाली कंपनी. तिचा अंबरनाथचा कारखाना आपल्यातल्या ठाणे-कल्याणकरांना आठवत असेल, तशीच तिची फॅक्टरी इथेही होती. एमआरएफ ही टायर कंपनी १९४६ साली याच गावात खेळण्यातले फुगे बनवायला लागली आणि १९६० च्या दशकात टायर बनवू लागली. थोडे पुढे एन्नोरला अशोक लेलँड. म्हणजे बुलेट एकाकी येऊन पडली नाही. ओतकाम, लेथकाम, रबरकाम जाणणाऱ्या माणसांच्या शेजारात ती आली.

जोडणे वेगळे, घडवणे वेगळे

आता आमच्या रेल्वेचा विषय थोडा काढतो. पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. एनफिल्ड इंडियाचे आणि आयसीएफचे जन्मवर्ष एकच. आयसीएफला तंत्रज्ञान स्वित्झर्लंडच्या श्लिरेन कंपनीचे. सुरुवातीला इथे डब्याचा नुसता सांगाडा बनत असे. आतले बाक, दिवे, पंखे बसवण्याचे काम दुसऱ्या वर्कशॉपांत होई. आतल्या सजावटीचा विभाग २ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाला. आणि १९६२ पर्यंतच बुलेटचेही सर्व भाग भारतात बनू लागले होते. एकाच शहरात दोन कारखाने, एक रुळावरचा आणि एक रस्त्यावरचा, साधारण सात वर्षांत एकच धडा शिकून मोकळे झाले. याला मी नुसता योगायोग म्हणणार नाही. त्या काळच्या धोरणाचा आणि इथल्या कारागिरांचा तो हिशेब आहे.

सात वर्षे का लागावीत? कारण पेटी उघडून गाडी जोडायला ड्रॉइंग आणि पाने पुरतात. भाग घडवायला त्याच्या मागचे सगळे लागते. उदाहरणार्थ बुलेटचे सिलिंडर घ्या. ते बिडाचे. आधी लाकडी पॅटर्न, मग वाळूचा साचा, मग ओतकाम. बारीक पंखे, म्हणजे हवेने थंड करणाऱ्या चकत्या, ओतताना मोडता कामा नयेत, आत पोकळी राहता कामा नये. मग आतला व्यास, म्हणजे बोअर, ७० मिलिमीटर, तो अचूक गोल करून घासायचा. पिस्टनचा फेरा म्हणजे स्ट्रोक ९० मिलिमीटर. दोन्ही मिळून होतात ३४६ सीसी. बोअरपेक्षा स्ट्रोक लांब आणि त्याला जड फ्लायव्हील, यामुळेच ती गाडी कमी वेगात 'धक् धक्' करत न थांबता चालते. आपल्या गावाकडे जिला फटफटी म्हणतात, ती फटफट या लांब स्ट्रोकची.

गिअरचे तसेच. दात कापायचे, मग भट्टीत पृष्ठभाग कडक करायचा, पण गाभा चिवट ठेवायचा. भट्टीचे तापमान थोडे चुकले की दात एकतर झिजतो, नाहीतर तुटतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. शंभर गिअर वाया गेल्यावर येते. रेडिचची जिगे, फिक्स्चरे, डाय यांची सामग्री एनफिल्ड इंडियाला विकली गेली आणि ती मद्रासला आली. पण ती पकडून काम करणारे हात इथेच तयार व्हावे लागले. वाळूत हात घालणारा ओतारी, लेथवरचा टर्नर, भट्टीवरचा कामगार, क्रोमच्या टाक्यांपाशी दिवसभर उभा राहणारा माणूस, यांची नावे कुठल्याही जाहिरातीत आली नाहीत. टाकीवरच्या सोनेरी रेघा तर वर्षानुवर्षे कारागिरांनी ब्रशने, हाताने मारल्या. ना पट्टी, ना साचा. त्या रेघेत एखादा केस एवढा फरक दिसला तर समजावे की माणसाने काढली आहे.

बाहेरच्या पुरवठादारांचेही जाळे याच वर्षांत शहरात विणले गेले. १९५८ साली गिंडीची औद्योगिक वसाहत, १९६० च्या दशकात अंबत्तूरची, आणि पाडीला टीव्हीएस समूहाचे ब्रेक, चाके, विजेची उपकरणे, नट-बोल्ट यांचे कारखाने. एका गाडीचे गाव सांगायचे तर खरे म्हणजे ही सगळी नावे सांगावी लागतात.

मुलगी मोठी झाली, माहेर बंद पडले

इकडे मद्रासला गाडी स्थिरावत होती आणि तिकडे माहेरची परिस्थिती बिघडत होती. १९६० च्या दशकात ब्रिटिश मोटारसायकलींचा बाजार घसरला. स्वस्त मोटारगाड्या आल्या, जपानी मोटारसायकली आल्या. रेडिचमध्ये बुलेटचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबले. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला. मोठ्या ७५० सीसी इंटरसेप्टर गाड्या काही काळ विल्टशायरच्या त्या जमिनीखालच्या कारखान्यात बनत राहिल्या. १९७० मध्ये तेही थांबले. रेडिचमध्ये जुन्या कारखान्याच्या जागी आज औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या नावात एनफिल्ड एवढे उरले आहे.

मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली, आणि ती १९५५ च्या नकाशाप्रमाणेच! याचे कारण निष्ठा एवढेच नव्हते. परवान्यांच्या त्या राज्यात उत्पादन वाढवायला परवानगी, नवे यंत्र आणायला परवानगी, परकीय चलनाला परवानगी. शिवाय सैन्य आणि पोलीस नियमित घेत होते. बदलण्याची घाई कोणाला नव्हती. उजव्या पायाचा गिअर, न्यूट्रल शोधायचा वेगळा खटका, अँपिअर दाखवणारा काटा, हे सगळे वर्षानुवर्षे तसेच राहिले.

याचा एक फायदा झाला. एका दशकातल्या गाडीचा भाग बऱ्याच अंशी दुसऱ्या दशकातल्या गाडीला बसे. त्यामुळे चेन्नईच्या पुदुपेटपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत बुलेटच्या भागांचे बाजार उभे राहिले, आणि गावोगाव तिचे मिस्त्री तयार झाले. आमच्या लहानपणी सांगली-कोल्हापूरकडे साखर कारखान्याचे संचालक, फौजदार, नाहीतर तालमीचे वस्ताद बुलेटवरून येत. आवाज वेशीवर आला की घरात कळे, कोण आले. त्या गाडीचे पान कोणत्या मापाचे लागते, हे गावातल्या मिस्त्रीला तोंडपाठ असे. ती गाडी मद्रासहून येते, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही तिला विलायतीच समजत होतो. म्हणजे पुतण्याला मी हसलो खरा, पण त्याच्या वयाचा मीही तेच म्हणालो असतो.

१९७७ साली एनफिल्ड इंडियाने ३५० सीसी बुलेट ब्रिटन आणि युरोपात निर्यात करायला सुरुवात केली. ज्या देशाने ही गाडी शिकवली त्या देशातल्या हौशी लोकांना आता ती मद्रासहून मागवावी लागत होती. वाचताना ही एक ओळ आहे. ओतशाळेतल्या माणसाला ती कळली असेल का, आणि कळली असेल तर त्याने घरी जाऊन काय सांगितले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

पडता काळ

पण इतिहास लिहायचा तर फक्त गौरव लिहून भागत नाही. १९८० च्या दशकात जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या. टीव्हीएस-सुझुकी १९८४ मध्ये, हिरो होंडा १९८५ मध्ये. हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या, बटण दाबल्यासारख्या चालू होणाऱ्या. एनफिल्ड इंडियानेही जर्मन झुंडॅपच्या मदतीने छोट्या गाड्या काढून पाहिल्या. ग्रीव्हजचे ३२५ सीसी लोम्बार्दिनी डिझेल इंजिन बसवून डिझेल बुलेटही काढली. शेतकऱ्यांना तिचे कौतुक होते, कारण लिटरला ती भरपूर पळे. तरीही कंपनीचे गणित जमेना. जो नकाशा पूर्वी बळ होता तोच आता ओझे झाला. तेल गळणे, किक मारताना घाम फुटणे, हे बुलेटचे विनोद देशभर झाले.

१९९० मध्ये आयशर समूहाने कंपनीत भाग घेतला आणि १९९४ मध्ये ती आयशरच्या ताब्यात आली. नाव पुन्हा रॉयल एनफिल्ड झाले. जयपूरला नवा कारखाना काढला गेला, तो २००२ मध्ये बंद करावा लागला. २००० च्या सुमारास महिन्याला जेमतेम दोन हजार गाड्या खपत होत्या, आणि कंपनी विकावी किंवा बंद करावी अशी चर्चा होती. त्या वेळी विशीतले सिद्धार्थ लाल यांनी ती चालवण्याची जबाबदारी घेतली.

यापुढचे काम इंजिनिअरच्या दृष्टीने फार अवघड होते. जुने बिडाचे इंजिन सोडायचे, पण लोक ज्यासाठी गाडी घेतात तो ठोका सोडायचा नाही. आधी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल संस्थेच्या मदतीने ॲल्युमिनियमचे इंजिन झाले. मग २००८ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेले नवे इंजिन आले. गिअर डाव्या पायाला आला, जुने वेगळ्या गिअरबॉक्सचे बिडाचे इंजिन निवृत्त झाले. जुने शौकीन नाराज झाले, पण गाडी वाचली. २००९ च्या सुमारास आपल्याकडे क्लासिक ३५० आली आणि मग मागणी अशी वाढली की तिरुवोट्टियूरची जागा पुरेना.

उत्तरेकडून दक्षिणेकडे

२०१३ साली चेन्नईच्या नैर्ऋत्येला ओरगडम येथे नवा कारखाना सुरू झाला, आणि २०१७ मध्ये त्याच पट्ट्यात वल्लम वडगल येथे आणखी एक. हा पट्टा म्हणजे आजचे मोटार उद्योगाचे मोठे केंद्र. निसान-रेनॉच्या मोटारी, डेमलरचे ट्रक, अपोलोचे टायर, यामाहाच्या मोटारसायकली, सगळे तिथे. जमीन मोकळी, रस्ते रुंद, भाग पुरवणारे शेजारी. रंगकामाला यंत्रमानव आले. कारखान्याच्या हिशेबाने हे योग्यच होते. पण उत्तर चेन्नईतल्या वस्तीतून पायी किंवा सायकलीने कामाला जाणाऱ्या माणसाला ओरगडम म्हणजे दुसरा गावच. नव्या कारखान्यांत नवी, तरुण, पुष्कळदा कंत्राटी माणसे आली. २०१८ साली ओरगडमला संपही झाला. गाडीचे गाव बदलते तेव्हा कोणाचा तरी रोजचा रस्ता बदलतो, हे रेल्वेत बदल्या भोगलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आणि आता आजचे चित्र. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीने प्रथमच १० लाखांहून अधिक गाड्या विकल्या. १९५६ चे १६३ आठवा! २०१७ मध्ये कंपनीने इंग्लंडात लीस्टरशायरमध्ये तंत्रज्ञान केंद्र उघडले. तिथले इंजिनिअर आणि चेन्नईतले इंजिनिअर मिळून नव्या गाड्यांचे आराखडे करतात. म्हणजे नकाशा पुन्हा काही अंशी इंग्लंडात काढला जातो, फरक एवढाच की आता पगार चेन्नईची कंपनी देते. दुसरीकडे, अर्जेंटिनात २०२० साली, मग कोलंबिया, थायलंड आणि ब्राझील येथे या गाड्यांची जोडणी सुरू झाली. सुटे भाग पेट्यांत भरून इथून जातात आणि तिथे जोडले जातात. १९५६ साली मद्रास जिथे होते, तिथे आज ती गावे आहेत. २०२४ मध्ये कंपनीने विजेवर चालणाऱ्या हलक्या गाडीची घोषणा केली, तिला नाव दिले तेच महायुद्धातले, फ्लाइंग फ्ली.

मग गाव कोणते?

आता पुतण्याला उत्तर द्यायचे तर काय द्यावे? नाव एनफिल्डचे, जन्म रेडिचचा, वाढ तिरुवोट्टियूरची, आजचा पत्ता ओरगडम आणि वल्लम वडगलचा. आमच्याकडे एलएचबी डबे आहेत. ही तीन अक्षरे एका जर्मन कंपनीची. पण कपूरथळा, रायबरेली, पेरांबूर आणि आता आपल्या लातूरलाही डब्यांचे कारखाने आहेत, आणि ते डबे जर्मन आहेत असे आमच्यापैकी कोणी म्हणत नाही. कारण त्यातला वेल्ड कोणी मारला हे आम्हाला माहीत असते.

माझे उत्तर असे की, ज्या गावाला वस्तूचा प्रत्येक भाग करता येतो, बिघडला तर दुरुस्त करता येतो, आणि मूळ शिकवणारा गेल्यावरही जे गाव ती वस्तू टिकवून ठेवते, ते तिचे गाव. रेडिचने बुलेट जन्माला घातली, त्याचे ऋण आहेच. पण रेडिचचा कारखाना बंद झाला त्या दिवशी मद्रासच्या कामगारांनी फक्त जोडायचेच शिकले असते, तर बुलेटही त्याच वेळी संपली असती. 'आपल्याला जमलं नसतं' असे म्हणणाऱ्या पोरांना हे सांगायला हवे, आणि यात एक इशाराही आहे. सुयांपासून मोटारसायकलीपर्यंत पोहोचलेल्या गावाच्या हातून सगळे निसटू शकते. कौशल्य हातांत असते तोवर आपले. हात मोकळे बसले की एका पिढीत जाते.

आपलेही थोडे असेच आहे. सर्व्हिस बुकात आपला कायमचा पत्ता अजून सांगलीचा, नाशिकचा, अकोल्याचा. मुलांना शाळेत 'नेटिव्ह प्लेस' विचारतात तेव्हा ती आईकडे बघतात. सुरुवातीला आपणही उत्सवाला लागणारे सगळे गावाहून पेट्या भरून आणत होतो, मूर्तीपासून खिरापतीपर्यंत. आता मांडवातल्या मोदकांची कृती तेवढी आपल्या आजीची. तांदूळ इथला पोन्नी, नारळ पोल्लाचीचा, आणि उकड काढायला शेजारच्या मामी येतात, ज्यांना कोळुकट्टै वळायचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे. त्या मोदकाला कोणी परका म्हणत नाही, बाप्पा तर नाहीच नाही.

यंदा पुतण्या पुन्हा येणार आहे. त्याला लोकलने तिरुवोट्टियूरला घेऊन जायचे ठरवले आहे. आधी त्यागराज स्वामींचे दर्शन, मग हमरस्त्यावरून चालत कारखान्याची जुनी भिंत दाखवीन. आत जाता आले नाही तरी चालेल. गाडीचे गाव त्याने डोळ्यांनी पाहावे, एवढेच मनात आहे.

गणपती बाप्पा मोरया!